एका मिलिसेकंदाचा हिशेब: फास्ट रेडिओ बर्स्टमागची यंत्रणा मोजमापांवरून कशी शोधायची

फास्ट रेडिओ बर्स्ट, म्हणजे एफआरबी, हा दूरच्या दीर्घिकेतून येणारा आणि काही मिलिसेकंदांत संपणारा रेडिओ लहरींचा स्फोट. ‘तो कशामुळे होतो?’ एवढाच प्रश्न विचारला की उत्तर निसटते, कारण त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. ऊर्जा कुठून आली? तिच्या रेडिओ लहरी कशा झाल्या? आणि बाहेर पडताना त्या लहरी कशातून गेल्या? इंजिन, उत्सर्जन आणि परिसर अशी तीन खाती वेगळी ठेवा. पुढे प्रत्येक मोजमाप कोणत्या खात्यात टाकायचे आणि त्यावरून काय बाद करता येते, ते पाहू. या विषयात एखादी यंत्रणा सिद्ध करण्यापेक्षा बाकीच्या बाद करणेच बहुतेक वेळा हाती असते, आणि तेही काटेकोर हिशेबाने जमते.

सोबत कॅल्क्युलेटर ठेवा. जिथे १०^३५ असे लिहिले आहे तिथे १० चा ३५वा घात समजा. उदाहरणासाठी एफआरबी २०१८०९१६बी घेऊ. जवळपास ४९ कोटी प्रकाशवर्षांवरच्या सर्पिल दीर्घिकेतला हा स्रोत वारंवार स्फोट करतो. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्याचे स्फोट टिपले आहेत. त्याचा एक नमुना स्फोट धरू: पट्टा ३०० ते ५०० मेगाहर्ट्झ, शिखर १ जान्स्की (रेडिओ तीव्रतेचे एकक), रुंदी २ मिलिसेकंद.

आधी खात्री: तो आकाशातलाच आहे ना?

वॉटरफॉल आलेख काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता, आणि तीव्रता रंगाने दाखवलेली. खरा स्फोट वरच्या वारंवारतेला आधी आणि खालच्या वारंवारतेला उशिरा येतो, आणि हा उशीर १ भागिले वारंवारतेचा वर्ग या नियमाने वाढतो. आलेखात ती रेषा वरून सरळ सुटते आणि खाली येताना उजवीकडे वळत जाते.

फक्त वाकलेली रेषा दिसली म्हणून विश्वास ठेवू नका. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला अनेक वर्षे अशाच वाकलेल्या खुणा मिळत होत्या. त्यांना पेरिटॉन म्हणत. मायक्रोवेव्ह ओव्हन थांबण्याआधीच त्याचे दार उघडले की त्या उमटतात, हे २०१५ मध्ये उलगडले. त्या खुणा ओळखू यायच्या त्या एका गोष्टीवरून: पार्क्सच्या तेराही बीममध्ये, म्हणजे आकाशाच्या वेगवेगळ्या तुकड्यांकडे पाहणाऱ्या तेराही नजरांत, त्या एकदम दिसायच्या. आकाशातला स्फोट सहसा एका बीममध्ये, फार तर शेजारच्या दोन-तीन बीममध्ये दिसतो. तेव्हा वर्गाचा नियम आणि बीम, दोन्ही तपासा.

डीएम नीट बसवा, पुढचे सगळे त्यावर उभे आहे

लहरींच्या वाटेत जेवढे इलेक्ट्रॉन, तेवढा हा उशीर. त्यांच्या बेरजेला डिस्पर्शन मेजर म्हणजे डीएम म्हणतात आणि ती पार्सेक प्रति घन सेंटिमीटरमध्ये मोजतात (पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे). सूत्र असे:

उशीर (मिलिसेकंद) = ४.१५ × डीएम × [१/(खालची वारंवारता)^२ − १/(वरची वारंवारता)^२], वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये.

आपल्या स्रोताचा डीएम ३४९. त्यामुळे ५०० मेगाहर्ट्झला दिसलेला स्फोट ३०० मेगाहर्ट्झपर्यंत उतरायला सुमारे १०.३ सेकंद घेतो. डेटाची फाइल कापताना स्फोटानंतर पंधरा सेकंद तरी ठेवा, नाहीतर पट्ट्याचा खालचा भाग कापला जाईल आणि ‘स्फोट खालच्या वारंवारतेला नाहीच’ असा खोटा निष्कर्ष निघेल.

दुसरा घोळ चॅनलच्या, म्हणजे पट्ट्याच्या एका बारीक तुकड्याच्या, आत होतो. एका चॅनलमध्येही लहर थोडी पसरते: पसरण (मायक्रोसेकंद) = ८.३ × डीएम × चॅनलची रुंदी (मेगाहर्ट्झ) ÷ वारंवारतेचा घन (गिगाहर्ट्झ). आपला २०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०४८ चॅनलमध्ये विभागला तर एक चॅनल ०.०९८ मेगाहर्ट्झचा होतो. ४०० मेगाहर्ट्झला पसरण निघते सुमारे ४.४ मिलिसेकंद, आणि ३०० ला १०.५. मूळ स्फोट २ मिलिसेकंदांचाच आहे! तुम्ही मोजलेली रुंदी मग स्रोताची नसते, तुमच्या उपकरणाची असते. उपाय एकच. व्होल्टेज पातळीवरचा कच्चा डेटा घेऊन कोहेरंट डीडिस्पर्शन करा, म्हणजे चॅनलच्या आतला उशीरही उलटवला जातो. नुसते चॅनल वाढवून प्रश्न सुटत नाही, कारण चॅनल बारीक केला की वेळेची बारकाई तेवढीच कमी होते.

तिसरी चूक सगळ्यात जास्त घडते. बहुतेक शोध-प्रणाली सिग्नल ते नॉइज (सिग्नलचे गोंगाटाशी प्रमाण) सर्वाधिक येईल तो डीएम देतात. वारंवार स्फोट करणाऱ्या स्रोतांत मात्र एका स्फोटाचे तुकडे असतात, आणि प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा खालच्या वारंवारतेला येतो. चुकीचा, थोडा जास्त डीएम घेतला की हे उतरते तुकडे एकावर एक बसतात. सिग्नल वाढतो आणि उतरण नाहीशी होते. म्हणून तुकड्यांच्या कडा सगळ्यात तीक्ष्ण दिसतील तो डीएम निवडा. ३००–५०० च्या पट्ट्यात डीएम फक्त ०.१ ने चुकला तरी दोन टोकांत ३ मिलिसेकंदांची खोट येते. २ मिलिसेकंदांच्या स्फोटासाठी ती फार मोठी आहे.

अंतर: डीएमची फोड करताना

एकूण डीएम = आकाशगंगेचा + तिच्या प्रभामंडलाचा + दीर्घिकांमधल्या अवकाशाचा + यजमान दीर्घिकेचा, म्हणजे स्रोत जिच्यात आहे तिचा, वाटा (१ + ताम्रसृती ने भागून). ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने लहरींची लांबी किती ताणली गेली त्याचे माप. अवकाशाचा वाटा ढोबळमानाने ताम्रसृतीच्या १००० पट धरतात. २०२० मध्ये मॅक्वार्ट आणि सहकाऱ्यांनी, यजमान दीर्घिका ठाऊक असलेल्या मोजक्या स्फोटांवरून, हा संबंध प्रत्यक्ष दाखवला.

आता आपल्या स्रोतावर करून पाहा. तो आकाशगंगेच्या प्रतलाजवळ दिसतो. तिथे आकाशगंगेचा वाटा एनई२००१ प्रतिमान सुमारे २०० देते आणि वायएमडब्ल्यू१६ सुमारे ३२५ (दोन्ही आकाशगंगेतल्या इलेक्ट्रॉनांची प्रतिमाने). ताम्रसृती ०.०३३७, म्हणजे अवकाशाचे तीस-पस्तीस. दुसरे प्रतिमान घेतले तर ३२५ + ३४ = ३५९; प्रभामंडल धरण्याआधीच बेरीज ३४९ च्या पुढे जाते आणि यजमानाचा वाटा उणे येतो, जे शक्य नाही. प्रतलाजवळच्या स्रोतासाठी म्हणूनच दोन्ही प्रतिमाने चालवून पाहायची आणि उत्तर पल्ल्यात लिहायचे.

उलट बाजूचे उदाहरण एफआरबी २०१९०५२०बी. डीएम सुमारे १२०५, पण यजमान दीर्घिकेची ताम्रसृती ०.२४१. नुसत्या डीएमवरून अंतर काढले असते तर ते कित्येक पटींनी जास्त आले असते, आणि ऊर्जा अंतराच्या वर्गाने फुगली असती. इथे जादा डीएम यजमान दीर्घिकेचा आणि स्रोताच्या सभोवतालचा आहे. यजमान दीर्घिका ओळखलेली नसेल तर डीएमवरून आलेले अंतर ही कमाल मर्यादा समजा आणि तसेच लिहा.

आकार, तापमान, ऊर्जा: तीन ओळींचा हिशेब

आकार. तीव्रता २ मिलिसेकंदांत बदलते, तर स्रोत त्या वेळात प्रकाश जेवढे अंतर कापतो त्याहून मोठा नसावा: ६०० किलोमीटर. एम ८१ दीर्घिकेतल्या एफआरबी २०२००१२०ई मध्ये ६० नॅनोसेकंद इतके बारीक तपशील दिसले. त्यावरून निघतात १८ मीटर. मात्र ही मर्यादा स्थिर स्रोतासाठी आहे. उत्सर्जक पदार्थ प्रकाशाच्या जवळपास वेगाने आपल्याकडे येत असेल तर तो ताऱ्यापासून बराच दूर असूनही इतका बारीक बदल दाखवू शकतो. जवळ की लांब हा पुढचा सगळा वाद या सवलतीतूनच उभा राहिला आहे.

तापमान. तेजस्वितेचे तापमान (केल्विन) ≈ ३.५ × १०^३५ × शिखर (जान्स्की) × अंतर^२ (गिगापार्सेक) ÷ [वारंवारता^२ (गिगाहर्ट्झ) × रुंदी^२ (मिलिसेकंद)]. आपल्या स्फोटासाठी (अंतर सुमारे ०.१४९ गिगापार्सेक) १ × ०.१४९^२ ÷ (०.४^२ × २^२) = ०.०३५, म्हणजे सुमारे १.२ × १०^३४ केल्विन. स्वतंत्रपणे हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे विकिरण साधारण १०^१२ केल्विनच्या पुढे टिकत नाही, कारण त्यापुढे इलेक्ट्रॉन स्वतःच्याच फोटॉनांना धडकून ऊर्जा गमावतात. आपण २२ घात पुढे आहोत. इथे ‘तापमान’ हे नाव फसवे आहे. काहीही इतके तापलेले नसते. अर्थ इतकाच की असंख्य कण एका कलेत, एका तालात विकिरण करत आहेत. एक लाख कण सुटे असतील तर तीव्रता एका कणाच्या लाखपट होते. तेच एका तरंगलांबीहून लहान पुंजक्यात ताल धरून हलले तर लाखाच्या वर्गाने वाढते. साधी उष्णता, साधे सिंक्रोट्रॉन (चुंबकीय क्षेत्रात गोल फिरणाऱ्या सुट्या इलेक्ट्रॉनांचे विकिरण), धक्क्याने तापलेला वायू, सगळे या एका ओळीत बाद होतात.

ऊर्जा. ऊर्जा (अर्ग) ≈ १.२ × १०^३९ × प्रवाह-बेरीज (जान्स्की मिलिसेकंद) × अंतर^२ (गिगापार्सेक) × पट्टा (गिगाहर्ट्झ) ÷ (१ + ताम्रसृती). प्रवाह-बेरीज म्हणजे ढोबळमानाने शिखर गुणिले रुंदी, इथे १ × २ = २. तेव्हा २ × ०.०२२२ × ०.२ घातले की साधारण १०^३७ अर्ग. सूर्य सगळ्या तरंगलांबींत मिळून जवळपास पाऊण तासात देतो तेवढी ऊर्जा, दोन मिलिसेकंदांत आणि फक्त रेडिओत. पट्टा म्हणून काय घातले ते नेहमी लिहा. कुणी निरीक्षणाचा पट्टा घेतो, कुणी मध्यवर्ती वारंवारता. एकाच स्फोटाच्या ऊर्जेत पाचपट फरक निव्वळ यातून येतो आणि मग दोन शोधनिबंधांची तुलना फसते. स्फोट बीममध्ये नेमका कुठे होता हे ठाऊक नसेल तर आलेली ऊर्जा किमान समजा.

इंजिनाचे खाते

स्रोत पुन्हा स्फोट करतो का? करत असेल तर त्याला एकदाच नष्ट करणाऱ्या कल्पना त्या स्रोतापुरत्या संपल्या: दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे विलीनीकरण, न्यूट्रॉन तारा कोसळून कृष्णविवर होणे. एफआरबी १२११०२ पुन्हा स्फोट करतो हे २०१६ मध्ये कळले तेव्हा नेमके हेच घडले. एकदाच दिसलेल्या स्फोटांसाठी दराची कसोटी लावा. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणांचा दर, गुरुत्वीय लहरींच्या तिसऱ्या यादीनुसार, घन गिगापार्सेकमागे वर्षाला १० ते १७००. सगळ्या आकाशात रोज शेकडो एफआरबी घडतात आणि त्यांचा दर याच्या किती तरी पुढे जातो. काही स्फोट विलीनीकरणातून येत असतील, पण सगळे येऊ शकत नाहीत.

उरतो मुख्य उमेदवार, मॅग्नेटार, म्हणजे अतिप्रखर चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा. त्याचे खाते तपासणे सोपे आहे: बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा ≈ क्षेत्राचा वर्ग × त्रिज्येचा घन ÷ ६. क्षेत्र १०^१५ गॉस आणि त्रिज्या १० किलोमीटर घेतली तर १.७ × १०^४७ अर्ग. एका स्फोटाच्या १०^३७ पुढे हे अफाट वाटते. पण खर्च मांडून बघा. चीनच्या ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीने २०१९ मध्ये एफआरबी १२११०२ चे ४७ दिवसांच्या काळात, प्रत्यक्ष ५९.५ तासांत, १६५२ स्फोट नोंदवले. त्यांची रेडिओ ऊर्जा सुमारे ३.४ × १०^४१ अर्ग. उरलेल्या वेळातही तोच वेग धरला तर ४७ दिवसांचे १९ पट. रेडिओत जाणारा वाटा एक लाखात एक धरला तर एकूण खर्च सुमारे ६.५ × १०^४७ अर्ग. दोन महिन्यांच्या आत शिल्लकीच्या जवळपास चौपट खर्च!

यातून वाट तीनच ठिकाणी आहे. रेडिओत जाणारा वाटा जास्त आहे, किंवा ताऱ्याच्या पोटातले क्षेत्र १०^१६ गॉसच्या घरात आहे (मग खाते शंभरपट होते), किंवा स्फोट सर्व दिशांना न जाता झोतासारखे येतात. तिसऱ्या सवलतीबाबत सावध राहा. झोत दर वेळी वेगळ्या दिशेला जात असेल तर सूट मिळतच नाही, कारण आपल्याला न दिसलेले स्फोटही त्याच खात्यातून खर्च होतात. सगळे झोत एकाच ठराविक पट्ट्यात असतील तरच हिशेब हलका होतो.

वयाचा पुरावाही बघा. एम ८१ मधला तो स्रोत गोलाकार तारकागुच्छात आहे. तिथले तारे अब्जावधी वर्षांचे, तर मॅग्नेटारचे प्रखर क्षेत्र हजारो वर्षांतच ओसरते. मोठा तारा फुटून मॅग्नेटार होणे तिथे आता शक्य नाही. तो पांढरा बटू कोसळून किंवा दोन मृत तारे विलीन होऊन बनला असावा. ‘मॅग्नेटार’ लिहिले म्हणजे जन्मकथा आपोआप ठरली असे मानू नका.

जवळ की लांब: उत्सर्जनाचे खाते

इथे दोन घराणी आहेत. एकाच्या मते लहरी न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकावरणात (त्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या ताब्यातल्या परिसरात), काही शे ते काही हजार किलोमीटरवर जन्मतात. दुसऱ्याच्या मते तारा पदार्थाचा एक झोत भिरकावतो, तो बाहेर आधीच असलेल्या वाऱ्यावर आदळतो, आणि लाखो किलोमीटरच्या पलीकडे त्या आघात तरंगात लहरी जन्मतात.

जवळच्या घराण्यातली सगळ्यात परिचित यंत्रणा वक्रता विकिरण. वाकड्या चुंबकीय रेषेवरून धावणारा कणांचा पुंजका वळणावर विकिरण करतो. वारंवारता ≈ ३ × (लॉरेन्ट्झ गुणक)^३ × प्रकाशाचा वेग ÷ (४ × पाय × वळणाची त्रिज्या). लॉरेन्ट्झ गुणक म्हणजे कण प्रकाशाच्या वेगाच्या किती जवळ आहे त्याचे माप. गुणक १०० आणि त्रिज्या १०० किलोमीटर घातली की ०.७ गिगाहर्ट्झ मिळते, आपल्या पट्ट्याच्या थोडेसेच वर. इथे घनाची धार लक्षात घ्या: गुणक तिप्पट केला तर वारंवारता २७ पट. म्हणजे कणांचे वेग बऱ्यापैकी एकसारखे असायला हवेत, नाहीतर वारंवार स्फोट करणाऱ्या स्रोतांत दिसणारा अरुंद वर्णपट समजावता येत नाही. दुसरी अडचण पुंजक्याची. एकाच भाराचे कण एकमेकांना ढकलतात; तरंगलांबीहून लहान पुंजका टिकवण्यासाठी काहीतरी त्यांना सतत रेटत ठेवायला हवे. तिसरी अडचण बाहेर पडण्याची: इतक्या तीव्र लहरी चुंबकावरणातल्या प्लाझ्मातून (आयनित वायूतून) न विरता सुटतात का, यावर सिद्धान्तकारांत खरा मतभेद आहे.

लांबच्या घराण्यातली यंत्रणा म्हणजे सिंक्रोट्रॉन मेसर. चुंबकित प्लाझ्मात आघात तरंग घुसला की त्याच्या तोंडाशी कण एकाच वेळी गोल फिरू लागतात आणि तालात लहरी सोडतात. पुंजका बनवायची वेगळी सोय लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. किंमत अशी की ऊर्जेचा फार छोटा वाटा रेडिओत जातो, आणि वरच्या खात्यावरचा ताण वाढतो.

आता कसोट्या. वारंवारतेची खाली उतरण दोघांनाही जमते. आघात तरंग मंदावत जातो म्हणून वारंवारता घटते, किंवा पुंजका कमी वक्र रेषांकडे वर सरकतो म्हणून. तेव्हा नुसत्या उतरणीवर निकाल देऊ नका.

ध्रुवणाचा, म्हणजे लहरीच्या कंपनाच्या दिशेचा, कोन जास्त बोलका आहे. आघात तरंगात ध्रुवणाची दिशा बाहेरच्या वाऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रावर ठरते, म्हणून स्फोटभर ती स्थिर राहावी. चुंबकावरणात तारा फिरतो तशी ती वळू शकते. एफआरबी १२११०२ मध्ये कोन सपाट दिसतो. एफआरबी २०२२१०२२ए मध्ये मात्र तो सुमारे १३० अंशांत इंग्रजी एस अक्षरासारखा वळला, अगदी स्पंदकांत, म्हणजे फिरताना नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांत, दिसतो तसा. सपाट कोनाने मात्र चुंबकावरण बाद होत नाही. मंद फिरणाऱ्या ताऱ्याला एका मिलिसेकंदात कोन बदलायला वेळच मिळत नाही. म्हणून वळलेल्या कोनाचा पुरावा सपाट कोनापेक्षा जड धरा.

सगळ्यात सुंदर कसोटी लुकलुकण्याची आहे. तारे लुकलुकतात, ग्रह नाहीत, कारण ग्रहाचा आकार वातावरणातल्या भोवऱ्यांपुढे बिंदू राहत नाही. रेडिओतही तेच. वाटेतला अस्थिर प्लाझ्मा वर्णपटावर बारीक तेज-मंद पट्टे उमटवतो, पण स्रोत पुरेसा लहान असेल तरच. कृती अशी: कच्च्या व्होल्टेजवरून वर्णपट किलोहर्ट्झच्या बारकाईने काढा, त्याचा स्वतःशीच सहसंबंध घ्या, आणि पट्ट्यांची रुंदी किती आहे ते पाहा. दोन वेगळ्या रुंदी मिळाल्या तर दोन पडदे आहेत: बहुधा एक आकाशगंगेत, एक यजमान दीर्घिकेत. यजमानातल्या पडद्याचे पट्टे पुसट झालेले नाहीत म्हणजे त्या पडद्याला स्रोत बिंदूसारखाच दिसतो, आणि त्यावरून आकाराची मर्यादा येते. एफआरबी २०२२१०२२ए साठी ती सुमारे ३०,००० किलोमीटर आली. तुलनेला, एका सेकंदात एक फेरी घेणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकावरण जवळपास ४८,००० किलोमीटरपर्यंत पसरते. हे नीट बसते, आणि बहुतेक लांबच्या प्रतिमानांना अडचण होते. पण ही गोष्ट एका स्फोटाची आहे. ती सगळ्या एफआरबींवर पसरवू नका.

परिसराचे खाते

चुंबकित प्लाझ्मातून जाताना ध्रुवणाचा कोन तरंगलांबीच्या वर्गाच्या पटीत फिरतो. तो गुणक म्हणजे रोटेशन मेजर, आरएम. एफआरबी १२११०२ चा आरएम तब्बल १०^५ रेडियन प्रति चौरस मीटरच्या घरात आहे, आणि सात महिन्यांत तो सुमारे १० टक्क्यांनी घटला. एवढे दाट आणि बदलते क्षेत्र वाटेतल्या शांत अवकाशात नसते. ते स्रोताच्या अंगावरचेच.

असा स्रोत सहज हुकतो. १.४ गिगाहर्ट्झला, १ मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये, १०^५ आरएम असेल तर कोन एका चॅनलच्या आतच सुमारे ६.६ रेडियन फिरतो आणि ध्रुवण शून्य दिसते. याच कारणाने हा स्रोत आधी अध्रुवित वाटला. ४.५ गिगाहर्ट्झला तोच चॅनल जेमतेम ११ अंश फिरवतो, आणि तिथे पाहिले तेव्हा तो जवळपास पूर्ण ध्रुवित निघाला. ‘ध्रुवण नाही’ लिहिण्याआधी चॅनलमधले फिरणे काढा: २ × आरएम × प्रकाशाच्या वेगाचा वर्ग × चॅनलची रुंदी ÷ वारंवारतेचा घन, सगळे मीटर आणि हर्ट्झमध्ये.

आरएम आणि डीएमवरून क्षेत्र काढायचे सूत्र सोपे आहे, १.२३ × आरएम ÷ डीएम मायक्रोगॉस, पण त्यात एकूण डीएम घालणे ही चूक आहे. आरएम स्रोताजवळ तयार झाला, डीएमचा मोठा भाग मात्र वाटेतला. एकूण ५५७ घातला तर सुमारे २२० मायक्रोगॉस येतात. फक्त स्थानिक वाटा घेतला की उत्तर मिलिगॉसपर्यंत चढते.

कालचक्र आणि क्ष-किरण

आपला स्रोत १६.३५ दिवसांच्या चक्रात, त्यातल्या सुमारे पाच दिवसांच्या खिडकीतच स्फोट करतो. असे चक्र तपासताना दुर्बिणीचे वेळापत्रक आधी बघा. कॅनडातली चाइम दुर्बीण हलत नाही. एखादा स्रोत तिच्यासमोरून नाक्षत्र दिवसात एकदाच जातो, म्हणून एका दिवसापेक्षा लहान खरे चक्र मोठ्या चक्राचे सोंग घेऊ शकते. वेगळ्या रेखांशावरच्या दुर्बिणीची निरीक्षणे मिसळली की ही शंका फिटते.

कारणे तीन मांडली जातात: जोडीदाराभोवतीची कक्षा, ताऱ्याच्या आसाचे डोलणे, किंवा अतिमंद परिवलन. इथे निर्णायक गोष्ट रंगाची. या स्रोताची खिडकी वरच्या वारंवारतेला आधी आणि खालच्या वारंवारतेला उशिरा उघडते. जोडीदाराच्या वाऱ्याने लहरी गिळल्या असत्या तर खालच्या वारंवारतेची खिडकी अरुंद झाली असती; तसे दिसत नाही, आणि लोफार दुर्बिणीने तर ११० मेगाहर्ट्झलाही स्फोट टिपले. दाट वाऱ्याचे साधे प्रतिमान त्यामुळे बाद होते.

क्ष-किरणांशी वेळ जुळवताना एफआरबीचा सगळ्यात मोठा धडा २८ एप्रिल २०२० चा आहे. आपल्याच आकाशगंगेतल्या एसजीआर १९३५+२१५४ या मॅग्नेटारचा स्फोट चाइम आणि अमेरिकेतली स्टेअर२ ही रेडिओ यंत्रणा या दोघांनी रेडिओत पकडला, आणि त्याच वेळी क्ष-किरण उपग्रहांनीही. स्टेअर२ ची प्रवाह-बेरीज १५ लाख जान्स्की मिलिसेकंद. १० किलोपार्सेक अंतर आणि १ गिगाहर्ट्झ पट्टा धरला तर वरच्या सूत्राने १.८ × १०^३५ अर्ग येतात. क्ष-किरणांची ऊर्जा त्याच्या सुमारे लाखपट. वरच्या खात्यात वापरलेला ‘लाखात एक’ इथूनच आला.

वेळ जुळवताना दोन्ही नोंदी आधी सौरमालेच्या गुरुत्वमध्यावर आणा, मग रेडिओची वेळ अनंत वारंवारतेला नेऊन तुलना करा. डीएम ३३२.७, म्हणजे ६०० मेगाहर्ट्झची लहर ३.८ सेकंद उशिरा पोचते. ती वजा केली की क्ष-किरणांची शिखरे रेडिओच्या काही मिलिसेकंद मागे दिसतात. पण डीएम एक एककाने चुकला तर ६०० मेगाहर्ट्झला ११.५ मिलिसेकंदांची चूक येते आणि आधी-नंतरचा क्रमच उलटतो. रेडिओ आधी की क्ष-किरण आधी यावर एखाद्या प्रतिमानाचा निकाल लावणार असाल तर डीएमची त्रुटी ०.१ च्या आत हवी.

आणि न दिसलेलेही नोंदवा. त्याच मॅग्नेटारच्या २९ क्ष-किरण स्फोटांच्या वेळी फास्ट दुर्बीण त्याच्याकडेच पाहत होती आणि तिला रेडिओत काहीच मिळाले नाही. अशा शून्य नोंदींतून झोत किती अरुंद आणि वर्णपट किती अरुंद याच्या मर्यादा निघतात.

निकाल लिहिताना

तीन रकाने करा आणि प्रत्येकात फक्त हाती आलेले लिहा. आपल्या स्रोतासाठी ते असे होते. इंजिन: वारंवार स्फोट करतो, म्हणून एकदाच नष्ट होणाऱ्या कल्पना बाद, एका स्फोटाची १०^३७ अर्ग ऊर्जा मॅग्नेटारला सहज परवडते, पण दीर्घकाळचा खर्च सगळे स्फोट मोजल्याशिवाय लिहू नका. उत्सर्जन: तापमान १०^३४ केल्विन, म्हणून कलाबद्ध, जवळ की लांब हे या एका स्फोटावरून ठरत नाही. परिसर: ११० मेगाहर्ट्झपर्यंत लहरी सुटतात, म्हणून भोवती दाट आयनित आवरण नाही, चक्राचे कारण कक्षा, डोलणे की परिवलन, हे खुले.

त्यानंतर पुढच्या निरीक्षणासाठी वेळ मागा, आणि तो खुल्या रकान्यांसाठी मागा. इथे सक्रिय खिडकीच्या पाच दिवसांत दोन पट्टे एकाच वेळी लागतील, चारही स्टोक्स घटक (तीव्रता आणि ध्रुवण पूर्ण सांगणारी मोजमापे) लागतील, आणि स्फोट दिसताच कच्चे व्होल्टेज साठवण्याची सोय लागेल. नुसती तीव्रता साठवलेली असेल तर ना चॅनलमधला उशीर उलटवता येतो, ना आरएम सुटतो, ना लुकलुकण्याचे पट्टे दिसतात.